खारी आणि खारं बिस्कीट

पाककृतीतल्या 'सॉल्टेड क्रॅकर्स'ना मराठीत काय म्हणावं या प्रश्नावर 'सॉल्टेड क्रॅकर्स म्हणजे आपली खारी' असं उत्तर कुणी देतं, ते मला पटत नाही. खारट चव सारखी, पण पदार्थ पूर्ण वेगळा. खारीचं पीठ सहसा यीस्टशिवाय मळतात, त्यात वनस्पती तूप किंवा मार्गारिन घालून घड्यांवर घड्या घालतात. भट्टीत पाण्याची वाफ होते, तिने थर सुटतात आणि खारी फुगते. क्रॅकरमध्ये नेमकं उलटं. पातळ लाटलेल्या पिठाला भोकं पाडतात ती फुगू नये म्हणूनच. मोनॅको हातात घेऊन बघा. अमेरिकेतल्या सॉल्टीन नावाच्या खाऱ्या क्रॅकरला तर यीस्टने बराच वेळ आंबवलेलं पीठ लागतं, आणि मग आंबटपणा मारायला खायचा सोडा.

बोलण्यातही हा फरक आपण पाळतो. बेकरीत 'पाव किलो खारी द्या' म्हणतो, वाण्याकडे 'खाऱ्या बिस्किटांचा पुडा' मागतो. म्हणून क्रॅकरला सरळ 'खारं बिस्कीट' म्हणावं. नुसतं 'खारी' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चहात बुडवताच मऊ पडणारे ते थरच येतात, आणि पाककृती वाचणाऱ्याची त्यातून खरोखर फसगत होते. चीज लावायला खारी घेतली तर हातात चुराच उरेल.