मदत हवी आहे: विश्वामित्रीच्या कोतरात कुत्र्याला कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठाला राहतो. महिनाभर झाला, रोज सकाळी आमच्या मोतीला घेऊन घरामागच्या कोतरात, म्हणजे नदीकाठच्या घळीत, उतरते. वरून नुसता झाडोरा दिसतो, पण खाली गेलं की शहराचा विसर पडतो. दोन्हीकडे मातीच्या उभ्या दरडी, वेड्या बाभळींची जाळी, मधूनच खंड्याची हाक. मोतीला तर किती हुंगू नि किती नको असं होतं.

परवा तो एकदम थबकला. मानेवरचे केस ताठ. पुढे ओल्या चिखलात पोट घासल्याचा रुंद पट्टा, मधोमध शेपटीची रेघ, कडेला नखांचे ठसे, आणि सगळं सरळ पाण्यात गेलेलं. मगर! साखळी ओढून त्याला वर आणलं तेव्हा हात थरथरत होते.

नदीत मगरी आहेत हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. २०२४च्या ऑगस्टच्या पुरात त्या सोसायट्यांत शिरल्या होत्या. नदी त्यांचीच आहे, तक्रार नाही. पण काठावरचं कुत्रं त्यांना आयतं भक्ष्य, आणि पिल्लं निघायच्या दिवसांत मादी घरट्याजवळ कुणाला फिरकू देत नाही.

पाण्यापासून किती लांब राहावं? ऊन खायला त्या साधारण कधी बाहेर येतात? वरच्या कडेने जाणारी एखादी पायवाट कुणाला माहीत आहे का? आणि पाणी दिसताच धावणाऱ्या कुत्र्याला हाकेसरशी थांबायला कसं शिकवलंत? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. तोवर मोती अंगणातच आहे, दाराशी बसून कुईकुई करतोय.