सायलेन्सर घरी काढा, पण तोच परत बसवा: तुमचं मत काय?

गिरणाकाठ, चाळीसगाव

मोटरसायकलचा सायलेन्सर घरी काढायचा म्हटलं की आपल्याकडे दोनच टोकं ऐकू येतात. पोरं म्हणतात काढून फेका, घरातली मोठी माणसं म्हणतात कंपनीच्या वस्तूला हात लावू नका. मला दोन्ही पटत नाही. गाडी ज्याची, त्याला सायलेन्सर स्वतःच्या हाताने काढता आणि बसवता आला पाहिजे. आणि काढलेला मूळ सायलेन्सरच परत लागला पाहिजे, बाजारातला फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर नाही.

खान्देशात हे काम शिकायला सबळ कारण आहे. पावसाळ्यात कपाशीच्या शिवारातून गाडी आणली की पुढच्या चाकाने उडवलेली काळी माती थेट बेंड पाइपवर, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीवर बसते. पाइप तापलेला असतो, चिखल तिथेच भाजून कडक होतो. इंजिनच्या तोंडाशी पाइप धरून ठेवणारे दोन नट त्या थराखाली गंजत राहतात. त्यात शेत ते घर अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही. पेट्रोल जळून झालेली वाफ आत पाणी होऊन साठते आणि पत्रा आतून खाते. हे पाणी बाहेर पडायचं खालचं बारीक भोक चिखलाने बुजलं असेल तर विचारूच नका.

काम असं: गाडी पूर्ण थंड हवी. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असेल तर त्याचा कनेक्टर आधी सोडवा, वायर ओढू नका. मग पाइप आणि सायलेन्सरच्या जोडावरचा क्लॅम्प ढिला करा, तोंडाचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे फिरवा, आणि फूटरेस्टजवळचा मोठा बोल्ट सगळ्यात शेवटी काढा. त्या वेळी सायलेन्सरखाली लाकडी ठोकळा हवाच, नाहीतर सगळं वजन तोंडाच्या स्टडवर, म्हणजे नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर लटकतं. बसवताना सगळे नट-बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, पाइप सरळ बसला की मग तोंडाकडून कसत मागे यायचं. गॅस्केट, म्हणजे तोंडाच्या जोडातली सील-रिंग, नवीनच टाका.

सातपुडा रायडर, शहादा

दादा, काढायचं कसं ते झकास सांगितलंत, पण परत तोच का बसवायचा? माझी ६५० सीसीची दोन सिलिंडरची ट्विन आहे, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. एकेक हातात घेऊन बघा, केवढं लोढणं आहे ते कळेल. ते उतरवले की तोरणमाळच्या घाटात गाडी हलकी वळते, हे मी रोज अनुभवतो. आणि आवाजाचं म्हणाल तर अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर पपईचे, केळीचे ट्रक आपल्याला बघतच नाहीत. आवाज आला तर निदान बाजूला तरी होतात. लग्नसराईत रात्रभर डीजे चालतो तेव्हा कुणाला त्रास होत नाही का? गाडी माझी, पैसे माझे.

गॅरेजवाला, धुळे

माझा विरोध दोघांनाही आहे. गिरणाकाठ भाऊ, तुमची पद्धत बरोबर आहे, पण घरोघरी ती पाळली जात नाही. माझ्याकडे गाडी येते तेव्हा काय दिसतं ते सांगतो. नटाचे सहाही कोपरे गोल झालेले, कारण साध्या चावी-पान्याने जोर मारलेला. मग छिन्नी-हातोडी चालवलेली. मग पान्यावर पाइप घालून जोर लावलेला, आणि स्टड इंजिनच्या हेडच्या तोंडाशी साफ तुटलेला. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा. आत अडकलेला तुकडा ड्रिलने काढताना ड्रिल मऊ धातूकडे सरकतो आणि भोक तिरकं पडतं. नंतर आटे नवीन घाला, नाहीतर हेड उतरवून मशीनवर न्या. फुकटात होणाऱ्या कामाला मोठं बिल लागतं. मी अडकलेला नट गॅसच्या टॉर्चने शेकून काढतो, ते तुम्ही घरी पेट्रोलच्या टाकीशेजारी करणार का? करूच नका.

गिरणाकाठ, चाळीसगाव

टॉर्चचं अगदी मान्य, ते घरी नकोच. पण नट गोल होतो तो वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे. दर वर्षी पावसाळा संपल्यावर जो काढतो त्याचा नट सॉकेटने सहज निघतो. म्हणून माझा नियम साधा आहे: सहा कोनांचा सॉकेट वापरा, आणि नट हलत नसेल तर थांबा. तिथून पुढे गॅरेज. शिकायचंच नाही, हे मात्र मी मानणार नाही. गावाकडे गॅरेज तालुक्याला असतं, आणि क्लॅम्प रस्त्यात ढिला पडला तर माणसाला निदान बघता तरी यावं.

रात्रपाळी, भुसावळ

शहाद्याच्या भाऊंना सांगायचं आहे. भुसावळ रेल्वेचं गाव. इथे लोको पायलट आणि गार्ड रात्री गाडी चालवून सकाळी घरी येतात आणि दुपारी झोपतात. माझ्या घरातही तेच. रस्त्यावरून सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढलेली बुलेट फटाके फोडत गेली की झोपलेला माणूस दचकून उठतो, आणि तोच माणूस रात्री परत हजारो प्रवासी घेऊन निघायचा असतो. मी स्वतः दवाखान्यात नर्स आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. रात्री बाराला वॉर्डाच्या खिडकीखाली असला सायलेन्सर वाजला की नुकतं झोपवलेलं तान्हं बाळ किंचाळत उठतं. डीजेचा त्रास होतोच, त्यालाही माझा विरोध आहे. म्हणून दुसरा त्रास माफ होत नाही. आणि चाळीसगावकर, सायलेन्सर काढायची इतकी सविस्तर कृती लिहिणं मला अजिबात आवडलं नाही. पोरं पहिला अर्धा भाग वाचतील आणि उठतील.

कोर्टाची पायरी, जळगाव

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केला तर मालकाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. साफसफाईसाठी काढून तोच परत बसवला तर त्याला बदल म्हणत नाहीत. ‘गाडी माझी’ हे कोर्टात चालत नाही, कारण रस्ता सगळ्यांचा.

सातपुडा रायडर, शहादा

ताई, झोपेचं आणि बाळाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. गावात मी थ्रॉटल कमीच ठेवतो. डीबी किलर, म्हणजे पाइपच्या तोंडात बसवायची आवाज दाबणारी नळी, लावला तर आवाज खाली येतो, मग तरी चालेल ना? आणि इंजिन मोकळा श्वास घेतं, पिकअप वाढतो, हे कुणी खोडून दाखवा.

गिरणाकाठ, चाळीसगाव

खोडतो, पण नीट ऐका. इंजिनला बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या धुराला होणारा अडथळा) लागतंच, ही गॅरेजमध्ये पसरलेली समजूतही चुकीची आहे आणि मोकळा पाइप म्हणजे पिकअप, हीसुद्धा. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. पाइपची लांबी-रुंदी त्या धक्क्यांच्या हिशोबाने ठरवलेली असते, म्हणजे एक धक्का जाताना मागचा जळका वायू ओढून नेतो. ते गणित मोडलं की बहुधा खालच्या आरपीएमवरची ओढच जाते, म्हणजे नेमकी घाटात लागणारी. कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर थोडं सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला त्याचं ऐकलं जात नाही. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तेव्हा आधीच धाप लागलेली असते. त्यातून काही गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरमध्येच असतो, तो गेला की विषारी धूर सरळ पोरांच्या नाकात. डीबी किलर लावून हा कन्व्हर्टर परत येत नाही.

भुसावळच्या ताई, कृती लिहिली म्हणून पोरं बिघडणार नाहीत. फटाका लावून देणारे प्रत्येक गावात बसलेत, त्यांना माझ्या लिखाणाची गरज नाही. गरज आहे ती मूळ सायलेन्सर सांभाळणाऱ्याला.

रात्रपाळी, भुसावळ

ते लावून देणारेच आधी धरले पाहिजेत. रस्त्यावर पोरांना दंड आणि दुकानात माल खुलेआम, हे मला पटत नाही. तुमच्या कृतीबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

तापीथडी, अमळनेर

गिरणाकाठ भाऊ, तुन्हं म्हननं बरोबर शे. पण आवाजाचा आकडा कुणी सांगितला नाही. कंपनीला १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला ८० डेसिबलची मर्यादा आहे, ८० ते १७५ सीसीला ७७. तीन डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणून ‘थोडासाच वाढला’ असं काही नसतं.

गॅरेजवाला, धुळे

फटाका विकणाऱ्यांबद्दल ताईंशी सहमत, मी ते काम घेत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. शहाद्याचे भाऊ, जुने दोन्ही सायलेन्सर ठेवलेत ना? गोणपाटात गुंडाळून पडवीत पडले असतील तर आधी उभे करून आतलं पाणी काढा, दोन्ही तोंडांत कोरडं कापड घाला. परत लावायचे ठरले तर नवीन गॅस्केट घेऊन या. माझ्यासमोर स्वतःच्या हाताने बसवा, मी फक्त बघतो.

सातपुडा रायडर, शहादा

ठेवलेत दादा. पाणी आजच काढतो. लावायचं अजून ठरवलं नाही, पण रविवारी धुळ्याला येतो.