वाडीला मदत: कपडे पुरे, आता छप्पर

सचिव: जावळीतल्या ज्या वाडीत वणव्यानं घरं जळाली, तिथून निरोप आलाय, तसाच ग्रुपवर टाकतो. "धान्य, भांडी, ताडपत्र्या पोचल्या. वणवा विझवायला धावलेल्या सगळ्यांचे आणि तुमच्या सोसायटीचे लई उपकार झाले. कपडे आता नकोत, ठेवायला जागा नाही. ताडपत्र्या पावसाळ्यानंतर परत करू."

ए-३०२: परत कसल्या घेताय! गंजीवर लागतील त्यांना.

सचिव: तेच कळवलंय. जिन्याखाली कपड्यांची गाठोडी पडलीत, ज्याची त्याने उचला. उरलेला पैसा छपरात घालायचा, मे संपायच्या आत. जावळीतला पाऊस माहीत आहे सगळ्यांना.

बी-२०४ भाऊसाहेब: छपराआधी पंचनामा. त्याची नक्कल मागून घ्या आणि आधी एवढंच बघा, 'झोपडी' लिहिलंय की 'कच्चे घर'. आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत झोपडीला ८,००० रुपये होते. पूर्ण पडलेलं घर, मग पक्कं असो वा कच्चं, सपाटीवर १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० होते. दगडमातीच्या भिंती अन् वर कौलं म्हणजे कच्चं घर. पण छप्पर जळाल्यावर चार काळ्या भिंतीच उरतात, आणि घाईत झोपडी लिहून मोकळे होतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ जोडा, त्यात मिळकतीचं वर्णन असतं. सगळे सातबारा शोधत बसतात, घरासाठी त्याचा इथे उपयोग नाही.

सी-१०३: नमुना ८ आजोबांच्या नावावर असेल तर?

बी-२०४ भाऊसाहेब: वारसनोंदीचा अर्ज आजच द्यायचा. तोवर राहणाऱ्याचा जबाब आणि वीजबिल पंचनाम्याला लावून घ्यायचं. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर पैसे लटकतात. त्याच निकषांत कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५०० प्रत्येक कुटुंबाला वेगळे होते, तेही सोडू नका.

ए-३०१ डॉक्टर: दगावलेलं जनावर पशुधन विकास अधिकाऱ्यांनी बघेपर्यंत पुरायचं नाही. फोटोत कानातल्या बिल्ल्याचे १२ आकडे दिसले पाहिजेत. २०२२-२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, शेळीला ४,००० होते. वाचलेल्या जनावरांवरही लक्ष ठेवा. धुराची धाप एक-दोन दिवसांनी दिसते. तापल्या जमिनीवरून पळालेल्यांचे खूर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुटायला लागतात, तेव्हा लंगडलं की लगेच दाखवा. भाजलेल्या सडांना टूथपेस्ट, राख, हळद काही लावू नका.

ए-३०२: गॅसचा विमा मिळेल ना? दोन घरांत सिलिंडर फुटलेत.

डी-४०२: नाही ताई. गॅसमुळे आग लागली असेल तरच तो विमा. इथे वणव्यानं सिलिंडर फुटला.

बी-१०१: बँकेतलं सांगते. अर्धवट जळलेल्या नोटा शाखेत बदलून मिळतील, किती मिळतील ते उरलेल्या तुकड्यावर ठरतं. पार कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या शाखा घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसला द्याव्या लागतात. सोडवायला जाऊ नका, भुगा होतो. डब्यासकट कापसात ठेवा. आणि राख चाळल्याशिवाय जेसीबी घालू नका. मणी, डोरली त्यातच असतात.

सी-१०३: आता छप्पर. २० बाय १५ चं घर धरा, चारी बाजूंनी दीड फूट पागोळी. कौलांचा उतार ३० अंश घेतला की छप्पर जवळपास ४८० चौरस फूट भरतं. मंगळुरी कौलं १०० चौरस फुटाला १४०-१५० लागतात, म्हणजे फूटतूट धरून सव्वासातशे, शिवाय कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, वेगळे. पत्रा टाकला तर २० अंशांचा उतार चालतो, १० फुटी १६ पत्र्यांत भागतं आणि खाली लाकूडही हलकं पुरतं. यंदा पत्राच टाका. शेजारचा पत्रा दीड पन्हळीवर चढवा. हुकाचं भोक उंचवट्यावरच पाडा, खळग्यात पाडलं की पहिल्याच पावसात घर गळतं. खालच्या कडेला हुक दाट, वारा तिथूनच पत्रा उचलतो.

सचिव: भिंती तशाच ठेवायच्या?

सी-१०३: ओळंबा लावून बघा. पोट सुटलं असेल तर उतरवा. माथ्यावर तुळयांची टोकं जळून पोकळ्या झाल्यात, त्या दगड-चुन्यानं भरल्याशिवाय नवं लाकूड ठेवू नका. आणि फुटलेल्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे कोरडे झाडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पाणी मारून, मास्क लावून उचला.

डी-४०२: वरचा डोंगरही बघा. गवत गेल्यावर पाणी मुरत नाही, मातीसकट खाली येतं. घरांच्या अगदी डोक्यावर मात्र समतल चर नकोत, तिथे पाणी मुरलं की दरड सैल होते. तिथे पाणी ओढ्याकडे वळवणारा चर काढायचा. समतल चर वर, लांब. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी.

ए-३०२: विझवणाऱ्या पोरांचा आणि वनमजुरांचा सत्कार करूया का? शाल-श्रीफळ.

डी-४०२: शालीचं काय करतील ते? ओल्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवलीय त्यांनी. शालीच्या पैशांत जाड तळव्याचे बूट आणि सुती हातमोजे येतील. नायलॉन नको, कातडीला चिकटतं.

बी-२०४ भाऊसाहेब: शिवाय वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आभाराचं पत्र द्या, प्रत्येकाचं नाव घालून. हंगामी मजुराचं नाव एरवी कागदावर येत नाही.

ए-३०२: पटलं. शाल रद्द.

सचिव: पत्र मी लिहितो, नावं सरपंचांकडून घेतो. डी-४०२, बुटांची मापं तुम्ही मागवा. टेम्पो शनिवारी सकाळी ६ ला पोवई नाक्यावरून. हुक आणि रबरी वॉशर पत्र्यांबरोबरच घ्या, वर दुकान नाही.