लाइमनंतर नऊ महिने थकवा आणि सांधेदुखी: क्रिप्टोलेपिस, नॉटवीड, गुळवेल यांत कितपत तथ्य?

प्रश्न: रारिटनकाठ

रुग्ण माझी पत्नी, वय 46, वजन 60 किलो, राहणं न्यू जर्सीत. गेल्या जूनमध्ये मांडीवर पसरत जाणारा लाल चट्टा आला. लाइमचं (गोचीड चावल्याने होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचं) निदान होऊन डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 14 दिवस घेतलं. चट्टा गेला. आज नऊ महिन्यांनी हे उरलं आहे: दुपारपर्यंत गळून जाणं, गुडघे आणि मनगटं दुखणं (सूज नाही), तुटक झोप, वाचताना लक्ष न लागणं. आयजीजी ब्लॉट (रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी) अजून पॉझिटिव्ह आहे. थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन 75 मायक्रोग्रॅम चालू आहे.

एका हर्बलिस्टने तीन टिंक्चर (अल्कोहोलमधले अर्क) एकत्र सुचवली आहेत: क्रिप्टोलेपिस, जपानी नॉटवीड आणि आर्टेमिसिया, प्रत्येकी 5 मिली, दिवसातून तीनदा. पुण्याहून गुळवेल सत्त्व आणि अश्वगंधा चूर्णही आलं आहे.

1. या वनस्पतींवर खरं काम झालं आहे का, की नुसतीच जाहिरात?
2. आपल्याकडच्या वनस्पतींत पर्याय आहे का? क्रिप्टोलेपिसऐवजी सारिवा, आर्टेमिसियाऐवजी दवणा चालेल का?
3. घ्यायचंच ठरवलं तर कसं?

उत्तर 1: परीक्षानळी

काम झालं आहे, आणि नीट झालं आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने 2020 मध्ये 14 नैसर्गिक पदार्थ बोरेलिया बर्गडॉर्फेरीवर, म्हणजे लाइमच्या जिवाणूवर, तपासले. वाढणाऱ्या जिवाणूंबरोबरच वाढ थांबवून तग धरून बसलेल्यांवरही. क्रिप्टोलेपिस सँग्विनोलेंटा, काळा अक्रोड, जपानी नॉटवीड, आर्टेमिसिया ॲन्युआ, कॅट्स क्लॉ, सिस्टस आणि चिनी स्कलकॅप यांचा परिणाम चांगला दिसला. 1 टक्का क्रिप्टोलेपिसनंतर जिवाणू ताज्या माध्यमात ठेवले, तर 21 दिवसांत एकही पुन्हा वाढला नाही. डॉक्सीसायक्लिननंतर मात्र वाढले. त्याच प्रयोगात स्टीव्हिया, ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क, कोलॉइडल चांदी आणि आपला कालमेघ (हिरवा चिरायता) यांचा प्रभाव जवळजवळ शून्य होता. तापावरचं कडू औषध आहे म्हणजे याही जंतूवर चालेल, हा अंदाज तिथेच खोटा ठरतो.

आता हा 1 टक्का म्हणजे किती ते मोजा. तो टिंक्चरचा आहे, 100 मिली द्रवात 1 मिली. अंगात साधारण 5 लिटर रक्त. तेवढंच प्रमाण फक्त रक्तात आणायला 50 मिली टिंक्चर एकदम, पचनात काहीही न गमावता, थेट रक्तात जायला हवं. 60 किलोच्या स्त्रीच्या शरीरातलं पाणी सुमारे 30 लिटर, त्या हिशेबाने 300 मिली. तुम्हाला सांगितलेले 5 मिली त्या 30 लिटरमध्ये पसरले तर 0.02 टक्क्याच्याही खाली. त्यातही नॉटवीडमधलं रेझव्हेराट्रॉल आतड्यात आणि यकृतात इतक्या झपाट्याने बदलतं की मूळ रूपात रक्तात फारच थोडं पोचतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या परीक्षानळीत डॉक्सीसायक्लिन "हरतं", ते डॉक्सीसायक्लिन बहुतेक रुग्णांना बरं करतं. कारण नळीत प्रतिकारशक्ती नसते, उरलेसुरले जिवाणू संपवणाऱ्या पेशी नसतात. म्हणजे ही नळी खऱ्या औषधाचाच निकाल चुकीचा सांगते, मग तिच्यात जिंकलेल्या अर्काचा निकाल खरा कसा धरायचा? पुढे कशावर संशोधन करावं याची यादी म्हणून तो प्रयोग मोलाचा आहे. रोज किती चमचे घ्यायचे हे त्यातून काढता येत नाही.

शिवाय त्रास जिवंत जिवाणूंमुळेच आहे हेही गृहीत धरू नका. 2019 मध्ये लाइम आर्थ्रायटिसच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात बोरेलियाच्या भित्तिकेचे तुकडे, पेप्टिडोग्लायकॅन, सापडले आणि ते दाह पेटता ठेवतात असं दिसलं. मेलेल्या जिवाणूचं अवशिष्ट भिंताड जिवाणूनाशक अर्काने हलत नाही.

उत्तर 2: पानवही

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे, पण का नाही ते कळलं पाहिजे, कारण या गल्लतीतूनच चुकीच्या पुड्या घरात येतात.

क्रिप्टोलेपिस सँग्विनोलेंटा हा पश्चिम आफ्रिकेतला वेल. घानात मलेरियासाठी त्याच्या मुळांचा काढा घेतात. त्यातला क्रिप्टोलेपिन हा अल्कलॉइड डीएनएच्या धाग्यांत घुसून बसतो. जंतू मरतो तो त्यामुळे, आणि माणसाच्या पेशींबाबत धास्ती आहे तीही त्यामुळेच. प्रयोगशाळेत सस्तन प्राण्यांच्या पेशींना तो विषारी ठरला आहे. गर्भवती, स्तनदा किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्यांनी, त्यात पुरुषही आले, त्याला हात लावू नये.

आपल्याकडे कृष्ण सारिवा म्हणून विकली जाते ती बहुधा क्रिप्टोलेपिस बुखनानी. प्रजाती वेगळी, घटक वेगळे. अनंतमूळ किंवा उपळसरी म्हणजे हेमिडेस्मस, ती तर आणखी निराळी. नावातलं साम्य पाहून यांतलं काहीही त्या मुळाच्या जागी वापरता येत नाही.

दवणा, जोतिबाला वाहतात तो, आर्टेमिसिया पॅलेन्स. त्याच्या तेलात मुख्यतः दवनोन असतं, वास त्याचाच. आर्टेमिसिनिन मिळतं ते आर्टेमिसिया ॲन्युआच्या पाल्यातून. तो पाला मिळाला तरी काढा हा मार्ग कच्चा, कारण आर्टेमिसिनिन पाण्यात फारसं विरघळत नाही. 9 ग्रॅम पाल्याच्या एक लिटर चहात ते साधारण 95 मिलिग्रॅम मोजलं गेलं आहे, आणि मलेरियासाठी पूर्वी दिवसाला 500 मिलिग्रॅमची मात्रा वापरत. भरीला भर म्हणजे आर्टेमिसिनिन स्वतःलाच मोडणारी यकृतातली विकरं वाढवतं. रोज घेत राहिलं की आठवडाभरात रक्तातली पातळी घसरते. रोज तीनदा, महिनोन्महिने, हा बेत या एका कारणानेही चुकीचा आहे.

काळ्या अक्रोडाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. औषधात वापरतात ते फळावरचं हिरवं साल, त्यातलं जुग्लोन. आपण खातो तो अक्रोड दुसऱ्या प्रजातीचा, आणि गर खाऊन यातलं काही साधत नाही.

बाटल्यांची तुलना करायची तर मिली पाहू नका, गुणोत्तर पाहा. 1:5 टिंक्चरच्या 5 मिलीत 1 ग्रॅम वनस्पतीचा अर्क असतो, 1:2 च्या 5 मिलीत अडीच ग्रॅमचा. नॉटवीडच्या कॅप्सूलवर "200 मिलिग्रॅम, 50 टक्के रेझव्हेराट्रॉल" असेल तर रेझव्हेराट्रॉल 100 मिलिग्रॅम. पण त्याच मुळात इमोडिनही असतं, आणि पोटात मुरडा येऊन जुलाब होतात ते बहुधा त्याच्यामुळे. गुणोत्तर, वनस्पतीचं लॅटिन नाव, वापरलेला भाग आणि लॉट क्रमांक, यांतलं एक जरी लेबलवर नसलं तरी ती बाटली घेऊ नका.

रारिटनकाठ

दोघांचे आभार. एक सांगायचं राहिलं. तिन्ही टिंक्चर सुरू होऊन दहा दिवस झाले. अंगदुखी वाढली आहे, मळमळतं, अंगाला थोडी खाज सुटते. हर्बलिस्टच्या मते ही "हर्क्स", जिवाणू मरत असल्याची खूण, सहन करा. गेल्या महिन्यापासून रात्री अधूनमधून घामही येतो.

उत्तर 3: ओपीडी नोंद

तिन्ही आजच थांबवा. उद्या यकृताच्या चाचण्यांसाठी रक्त द्या: एएलटी, एएसटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन, आयएनआर. लघवी गडद, डोळे पिवळे, उलट्या किंवा गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर उद्याची वाट न पाहता इमर्जन्सीत जा आणि बाटल्या सोबत न्या.

यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया खरी आहे, पण तिला वेळापत्रक असतं. प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेनंतर 24 तासांच्या आत ताप, थंडी, अंगदुखी, आणि एक-दोन दिवसांत ओसरते. दहाव्या दिवशीची मळमळ आणि खाज या व्याख्येत बसत नाही. ती यकृताची तक्रार समजून तपासायची असते. आर्टेमिसिनिनच्या पूरक गोळ्यांनंतर हिपॅटायटिस झाल्याची नोंद अमेरिकेच्या सीडीसीने 2009 मध्ये छापली आहे. "त्रास वाढला म्हणजे गुण येतोय" हे वाक्य कुणी सांगितलं तर त्या माणसाचा सल्ला तिथेच सोडावा, कारण मग औषध बंद करायचं कारण कधीच सापडत नाही.

रात्रीच्या घामासाठी बेबेसिया (लाल रक्तपेशींत शिरणारा परजीवी) तपासा: रक्ताचा स्मिअर आणि पीसीआर. न्यू जर्सीत तीच काळ्या पायांची गोचीड बेबेसियाही देते, आणि डॉक्सीसायक्लिनने तो जात नाही. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन लागतं. क्रिप्टोलेपिस आणि आर्टेमिसिया बेबेसियावरही नळीत चालले आहेत, पण निदान झालेल्या बेबेसियाला टिंक्चर देत बसणं धोक्याचं, विशेषतः प्लीहा काढलेली असेल तर. 46 व्या वर्षी रजोनिवृत्तीच्या सुमाराचे घामही असू शकतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी12, डी जीवनसत्त्व, एचबीए1सी (साखर). शाकाहारी असतील तर बी12 आणि फेरिटिन आधी. घोरणं असेल तर झोपेची तपासणी. लाइमचा शिक्का बसलेल्या माणसात ही साधी कारणं महिनोन्महिने कुणी पाहत नाही, याची मला खरोखर चीड आहे, कारण ती बरी होणारी असतात.

ब्लॉटबद्दल: आयजीजी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतो. रोग उरला आहे की नाही ते तो सांगत नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा करू नका.

उत्तर 4: गुडघेदुखी

मला हे पटत नाही. लक्षणं आहेत, चाचणी पॉझिटिव्ह आहे, तर डॉक्सीसायक्लिनच तीन महिने का नको? टिंक्चरपेक्षा ते तरी सिद्ध औषध आहे.

ओपीडी नोंद

कारण नेमकं हेच करून पाहिलं आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत 30 दिवस शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन आणि पुढे 60 दिवस डॉक्सीसायक्लिन दिलं. नकली औषधाच्या गटापेक्षा फरक पडला नाही. 2016 च्या नेदरलँड्समधल्या चाचणीत सर्वांना दोन आठवडे सेफ्ट्रायॅक्सोन देऊन पुढे 12 आठवडे प्रतिजैविक किंवा नकली गोळी दिली. तिथेही नाही. त्रास मात्र खरा आहे, तो कल्पनेतला नव्हे. उपचारानंतर सहा महिन्यांहून अधिक टिकला तर त्याला पोस्ट-ट्रीटमेंट लाइम डिसीज सिंड्रोम म्हणतात.

उत्तर 5: खलबत्ता

पुण्याहून आलेल्या डब्यांचं बोलतो.

गुळवेल: 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमधली यकृताची इजा नोंदवली. चित्र ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटणाऱ्या) हिपॅटायटिससारखं होतं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. वाद काहीही असो, तुमच्या पत्नीचा थायरॉइडचा आजार ऑटोइम्यून, म्हणजे हाशिमोटो असू शकतो. प्रतिकारशक्ती चाळवणारी वस्तू तिथे नको. कॅट्स क्लॉलाही हेच लागू.

अश्वगंधा: थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते. लेव्होथायरॉक्सिनसोबत घेतली की टीएसएच खाली जातो, धडधड होते, झोप आणखी बिघडते आणि दोष लाइमवर जातो. यकृताच्या इजेच्या नोंदी हिच्याही आहेत. हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरिन घातलेलं असेल तर तीही नको. आमटीतली हळद खुशाल चालू ठेवा.

इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2008 मध्ये अमेरिकेत छापून आली. 20.7 टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. भस्म किंवा रसौषधी (धातू-खनिजांचं औषध) असेल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या.

टिंक्चरमधल्या अल्कोहोलकडे कुणी पाहत नाही. 60 टक्क्यांच्या 5 मिलीत 3 मिली शुद्ध अल्कोहोल. तुम्हाला दिलेल्या हिशेबाने दिवसाला 45 मिली टिंक्चर, म्हणजे 27 मिली अल्कोहोल, जवळपास 21 ग्रॅम. दीड-दोन पेले वाइनच्या आसपास, आणि तेही यकृतावर आधीच शंका असताना.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. यकृताच्या चाचण्या पूर्ववत होऊन किमान महिना गेल्याशिवाय काहीच सुरू करू नका. त्यानंतरही घ्यायचंच असेल तर तिघांतलं एकच, तेही डॉक्टरांना सांगून. माझ्या मते त्यातल्या त्यात नॉटवीड. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तेही नाही, आणि शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद. आधी दोन आठवडे काहीही न घेता रोज रात्री थकवा आणि वेदना यांना 0 ते 10 गुण द्या, पावलं मोजा. मग लेबलवरच्या मात्रेच्या चौथाईने सुरुवात, आठवड्याने अर्धी, पुढे पूर्ण, त्याहून वर नाही. एएलटी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्याला. लक्षणांसह वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा लक्षणांशिवायही पाचपट झालं की बंद. आठ आठवड्यांनी थांबवून चार आठवडे गुण देत राहा. हे चार आठवडे गाळू नका, कारण 2001 च्या त्या चाचणीत नकली औषध घेणाऱ्या, रक्तचाचणी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांतल्याही तिघांत एकाहून अधिकांना बरं वाटलं होतं. बंद केल्यावर गुण तसेच राहिले तर सुधारणा बाटलीची नव्हती.

लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, आणि कॅल्शियम किंवा लोह चार तासांच्या अंतराने. बायोटिन घेत असतील तर टीएसएचच्या आधी दोन दिवस बंद, नाहीतर आकडा फसवा येतो.

रारिटनकाठ

तिन्ही बाटल्या आणि दोन्ही डबे बंद केले. उद्या सकाळी रक्त देतो, स्मिअरही सांगितला आहे. समजा पुढे गुडघा सुजलाच तर?

ओपीडी नोंद

मग गणित बदलतं. सूज म्हणजे लाइम आर्थ्रायटिसची शक्यता, आणि त्याला पुन्हा प्रतिजैविक द्यायला सबळ कारण आहे: डॉक्सीसायक्लिन 28 दिवस. सांध्यातलं पाणी काढून पेशी मोजायला आणि बोरेलियाच्या पीसीआरला पाठवायला सांगा. गोळ्या सुरू होण्याआधीच पाठवा. तोंड वाकडं होणं, चक्कर येऊन पडणं, नाडी मंद होणं यांतलं काही झालं तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा; चक्कर किंवा मंद नाडी असेल तर ईसीजी.