कालवं असतील तर म्युस्कादेच!

धागाकर्ता (नांत, फ्रान्स):
काल जेवताना मित्र ठासून म्हणाला, कालवांसोबत शाब्ली (फ्रान्समधल्याच शाब्ली गावाकडची पांढरी वाईन) सोडून दुसरी वाईन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मला हे अजिबात पटलेलं नाही. बाजारातून ताजी कालवं आणा, बिजागरीपाशी सुरी घालून उघडा, आतलं खारं पाणी सांडू देऊ नका. आधी ते पाणी, मग मांस, आणि लगेच गार म्युस्कादे या पांढऱ्या वाईनचा घोट. लिंबू पिळायची गरजच उरत नाही.

ही इथली, लुआर नदीच्या मुखाकडची वाईन. १७०९ च्या हिवाळ्यात इथले वेल गारठून मेले, त्यानंतर थंडी सोसणारं मेलों द बूर्गोन्य हे द्राक्ष इथे पसरलं. बाटलीवर 'स्यूर ली' लिहिलेलं बघून घ्या. म्हणजे हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवलेली. जिभेवरची ती बारीक चुरचुर आणि ताज्या पावाचा वास त्यातूनच येतो.

दर्यावर्दी:
असहमत. म्युस्कादे तीनदा प्यायलो, तिन्ही वेळा लिंबूपाणी वाटलं. शाब्लीला आंबटपणाची धार आहेच, वर शार्दोने द्राक्षाचा भरीवपणा. शिवाय तिथल्या चुनखडीत चिमुकल्या कालवांचे जीवाश्म सापडतात. नातं जमिनीपासूनचं आहे.

खाजणवाली:
जीवाश्मांची गोष्ट मलाही आवडते, पण वेल दगडातली चव शोषून द्राक्षात भरत नाही. शाब्लीची धार येते ती थंड हवेमुळे. आधी ताटात काय आहे ते बघा ना! कच्च्या कालवांना म्युस्कादे, लोण्यात परतलेल्या माशाला शाब्ली.

आणि आपल्या तिसऱ्यांच्या सुक्याला दोन्ही नकोत. मिरची आणि मसाल्यापुढे कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाईन नुसती आंबट लागते. मी वूव्रे देमी-सेक ठेवते, शेनां ब्लां द्राक्षाची, किंचित गोड. खोबऱ्याशी तिचं छान जुळतं.

मिठागर:
दक्षिण फ्रान्सला कुणी विचारणार की नाही? तिथल्या सेत बंदराजवळच्या खाऱ्या सरोवरात कालवं वाढवतात आणि त्याच काठावर पिकपूल द पिने ही पांढरी वाईन पिकते. उंच हिरवी बाटली, खिशाला परवडणारी. मला तरी याहून सरळ जोडी माहीत नाही.

धागाकर्ता:
@दर्यावर्दी, बाटली फ्रीजमधून काढून तशीच ओतली होती का? ४ अंशांवर कुठल्याही पांढऱ्या वाईनची चव मिटते. पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, ९-१० अंशांवर प्या.

दर्यावर्दी:
हो, फ्रीजमधूनच. पण शाब्लीही त्याच फ्रीजमधली होती आणि तिची चव लागली. म्हणजे अंग (तोंडात जाणवणारा भरीवपणा) कुणात आहे ते दिसतंच.

धागाकर्ता:
अंगच हवं असेल तर क्लिसाँ गावाच्या नावाची म्युस्कादे शोधा. दोन वर्षं गाळावर मुरते. तरीही कच्च्या कालवांना मी साधी स्यूर लीच उघडेन. कालवाची चव आधीच नाजूक असते, तिच्यावर बसणारी वाईन मला नको.