मेडनची सेटलिस्ट: रोज तीच १७ गाणी, आणि ९२ नंतरचं एकही नाही?

एडीचा_भाचा (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो, शिव्या पडणार माहितीये. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची 'रन फॉर युवर लाईव्ह्ज' टूर २७ मे २०२५ ला बुडापेस्टला सुरू झाली, बँडला ५० वर्षं झाली म्हणून, आणि ठरवलंय काय तर फक्त पहिल्या नऊ अल्बममधली गाणी, १९८० ते १९९२. बरं, पन्नाशी आहे, जुनं वाजवा, कोण नाही म्हणतंय. पण एकूण अल्बम १७ आहेत हो! म्हणजे आठ अल्बम डायरेक्ट माळ्यावर. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पण नाही, ज्या अल्बमने २००० मध्ये या लोकांना परत उभं केलं. मी मेडन ऐकायला लागलो तेच तिथून, कॉलेजात एकाने सीडी राईट करून दिलेली, वर मार्करने नाव लिहिलेलं आणि तेही चुकीच्या स्पेलिंगचं. माझ्यासाठी मेडन म्हणजे तीन गिटार. ते ९२ च्या आधी नव्हतंच.

दुसरं म्हणजे सेटलिस्ट, म्हणजे शोमध्ये वाजणाऱ्या गाण्यांची यादी: रोज तीच १७ गाणी, त्याच क्रमाने. 'मर्डर्स इन द रू मॉर्ग'ने सुरू, 'वेस्टेड इयर्स'ने खलास. पहिल्या रात्रीची लिस्ट नेटवर आली की पुढच्या सगळ्यांचा पेपर फुटला. मेटॅलिका बघा, २०२३ पासून बहुतेक शहरात दोन रात्री करतात आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एक गाणं रिपीट नाही. पर्ल जॅम तर रोज लिस्ट बदलतात. मग यांनाच काय धाड भरलीये?

जुनी_कॅसेट

भाच्या, तू मागतोयस ते एकदा देऊन झालंय आणि तेव्हा काय झालं तेही ऐक. २००६. 'अ मॅटर ऑफ लाईफ अँड डेथ' आला आणि बँडचा बेसिस्ट-संस्थापक हॅरिस साहेबांनी ठरवलं की आख्खा अल्बम वाजवायचा, दहाच्या दहा गाणी, ७२ मिनिटं. वर उरलेल्या वेळात जुनी चार-पाच. लोक नुसते पेटले, जुनं वाजवा म्हणून ओरडाआरडा. म्हणजे नवीन वाजवलं तरी बोंब आणि जुनं वाजवलं तरी बोंब.

आणि जरा लिस्ट नीट बघ ना. 'किलर्स' अल्बममधली तीन गाणी आहेत. 'फँटम ऑफ द ऑपेरा' आहे. 'राईम ऑफ द एन्शंट मरिनर' आहे, जे २००९ नंतर वाजलंच नव्हतं. 'सेव्हन्थ सन' अल्बमचं टायटल ट्रॅक आहे. एवढं मिळाल्यावर तक्रार करणारा माणूस लग्नाच्या पंगतीत बसून मिठाची वाटी कुठाय विचारणारा असतो.

रिडिंगकर

इथे मी दोन्ही बाजूंनी पोळलेला आहे त्यामुळे बोलतो. २०२३ च्या जुलैमध्ये लंडनला ओटूमध्ये 'फ्यूचर पास्ट' टूरचा शो बघितला, बायकोला घेऊन गेलो. तिला मेडनची चारच गाणी माहिती, ती पण माझ्यामुळे, गाडीत लागतात म्हणून: 'रन टू द हिल्स', 'नंबर ऑफ द बीस्ट', 'टू मिनिट्स टू मिडनाईट' आणि 'हॅलोड बी दाय नेम'. त्या रात्री १५ गाणी झाली आणि या चारातलं एकही नाही! एकही!! 'सेन्जुत्सू' अल्बमची पाच, 'समव्हेअर इन टाईम' अल्बमची पाच. मी मात्र रडलो हो, खोटं कशाला बोलू. 'अलेक्झांडर द ग्रेट' १९८६ चं गाणं, कधीच लाईव्ह वाजवलं नव्हतं, ३७ वर्षांनी २०२३ मध्ये पहिल्यांदा वाजवलं आणि ते मी समोर उभं राहून ऐकलं. शेजारी एक टक्कल पडलेला इंग्रज गृहस्थ, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, त्याने मला मिठी मारली, ओळख ना पाळख. आणि दुसऱ्या बाजूला बायको विचारतेय, हे अजून किती वेळ आहे?

मग २८ जून २०२५ ला लंडन स्टेडियमला परत गेलो. यावेळी चारही गाणी होती. ती नव्हती, म्हणाली तूच जा.

एडीचा_भाचा

हाहाहा. पण रिडिंगकर, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात की. लिस्ट रोज थोडी जरी हलवली असती, म्हणजे पाच गाण्यांची जागा मोकळी ठेवून आज हे उद्या ते, तर तुमच्या बायकोला एक तरी मिळालं असतं.

बेसवाली

नाही मिळालं असतं, कारण तुम्ही सगळे मेडनला मैफल समजताय आणि ते नाटक आहे.

मैफलीत गायक समोरचे लोक बघतो, वेळ बघतो, आज आवाज कसा लागलाय बघतो, मग ठरवतो. कोणी चिठ्ठी पाठवली तर फर्माईश पण घेतो. पर्ल जॅमचं तसं आहे, मागे साधे दिवे आणि पाच-सहा माणसं, काहीही वाजवा. मेडनचा प्रयोग असतो. 'एसेस हाय'ला २०१८ च्या टूरमध्ये डोक्यावर खरोखरच्या मापाचं वाटावं असं स्पिटफायर विमान आलं, 'फ्लाईट ऑफ इकारस'ला गायक ब्रूसच्या दोन्ही हातात आगीचे फवारे, 'आयर्न मेडन' लागलं की मागून अवाढव्य एडी, म्हणजे बँडचा तो अल्बमच्या कव्हरवरचा राक्षस. आगीचे खेळ बघणारा पायरोवाला, लाईटवाला, विंगेतले लोक, प्रत्येकाचा क्यू ठरलेला. तुम्ही शिवाजी मंदिरला जाऊन म्हणता का की आज दुसरा अंक आधी घ्या, मी हे मागच्या महिन्यात बघितलंय म्हणून?

मी स्वतः एका छोट्या बँडमध्ये बेस वाजवते, हॉटेलात, कॉलेज फेस्टला. आमच्या सहा माणसांत ऐनवेळी एक गाणं बदललं की कीबोर्डवाल्याची आवाजाची सेटिंग चुकते आणि गायक गिटारची पट्टी बदलायची क्लिप शोधत बसतो. इथे तर आगीचा खेळ आहे.

एडीचा_भाचा

ताई, उदाहरण एकदम झकास पण एका जागी फसलं. २०२५ पासून मागे रंगवलेले पडदे गेले, मोठी एलईडी स्क्रीन आली. पडदा बदलायला माणसं लागत होती, स्क्रीनवर फाईल बदलायची. आता तर उलट सोपं झालंय! आणि नाटकात पण 'वन्स मोअर' असतो बरं का. 'एका लग्नाची गोष्ट' मध्ये प्रशांत दामल्यांच्या 'मला सांगा सुख म्हणजे'ला वन्स मोअर आला की गाणं परत व्हायचं, तिथे लाईटवाला क्यू घेऊन रडत नाही बसला.

बेसवाली

वन्स मोअर म्हणजे तेच परत, वेगळं नाही 🙂 त्या हिशोबाने 'ट्रूपर' दोनदा वाजवायचा का?

(स्क्रीनचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.)

काडीपैलवान

सत्तरीच्या घरातले म्हातारे, घरी बसून नातवंडं सांभाळायची सोडून उड्या मारतायत, आणि तुम्ही क्रमावरून भांडताय. 🍿

जुनी_कॅसेट

पैलवान, ब्रूसचा जन्म १९५८ चा आहे, जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, ट्रीटमेंट घेऊन परत उभा राहिला आणि अजून 'एसेस हाय' मूळ पट्टीत गातो. तुम्ही बिल्डिंगचे तीन जिने चढून दाखवा, मग बोलू.

गल्लीतला_ड्रमर

सगळे लिस्टवर भांडताय, कोणी ड्रमकडे बघेल का? खरा बदल तिथे झालाय. बँडचा जुना ड्रमर निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये स्ट्रोक आला, उजव्या बाजूला त्रास, आणि मे मध्ये हा माणूस टूरवर हजर. डिसेंबर २०२४ ला साओ पावलोला शेवटचा शो करून थांबला. आता सायमन डॉसन आहे, हॅरिसच्या 'ब्रिटिश लायन' या दुसऱ्या बँडमधला.

आता ज्यांना ड्रम कळत नाहीत त्यांच्यासाठी. निकोची गंमत पायात होती. मेटलमध्ये लोक दोन पायांनी डबल पेडल बडवतात, हा बाबा जवळजवळ आयुष्यभर एका पायावर, एका पेडलवर, आणि तो पाय घोड्यासारखा. 'व्हेअर ईगल्स डेअर'ची सुरुवात ऐका, बूट न घालता वाजवायचा तो. मी ते आठ महिने बसवत होतो, खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन म्हणाले बाळा, सुतारकाम चालू आहे का?

सायमन वाईट आहे असं अजिबात नाही. पण तो गाणं सरळ धरून ठेवतो, निको गाण्याला चिमटे काढायचा. मोबाईलवरच्या क्लिप ऐकल्या तर काही गाणी जरा निवांत चालीत वाटतात मला. काहींना ते आवडलंय, रिफ, म्हणजे गिटारच्या त्या परत परत येणाऱ्या ओळी, स्वच्छ ऐकू येतात म्हणे. आणि माझा असा हिशोब आहे की नवीन ड्रमर आहे, १७ गाणी घट्ट बसवलीत, तर पहिल्याच टूरला त्याच्या डोक्यावर अजून वीस गाणी कशाला टाका.

रिडिंगकर

ड्रमरशी सहमत. लंडनला मी पहिली दोन गाणी फक्त त्याच्याकडेच बघत होतो, टेन्शन मलाच. 'फँटम'च्या मधल्या भागात सगळे बरोबर जागेवर उतरले तेव्हा श्वास सोडला. निको असता तर तिथे काहीतरी वाह्यातपणा केला असता आणि आपण हसलो असतो, हे खरं.

एडीचा_भाचा

नवीन ड्रमरचं मान्य. पण ही टूरची सवय जुनी आहे ना. २०१८ ची लिस्ट पण ठरलेलीच होती, तेव्हा कुठे नवीन ड्रमर होता? आणि मनात आलं की बदलतातच की! 'हॅलोड बी दाय नेम' २०१७ मध्ये लिस्टमधून उडालं, का तर कॉपीराईटची केस. केस झाली की गाणं बदलतं, आम्ही सांगितलं की नाही बदलत.

सांगलीकर_मेटल

मी नुसता वाचत होतो पण आता लिहितोच. तुम्ही लोक दोन रात्री, दोन टूर, ओटू, स्टेडियम करताय. मी मेडन एकदाही बघितलेलं नाही. २००८ ला मुंबईला आले तेव्हा माझी बारावीची प्रिलिम होती, वडलांना विचारायची पण हिंमत नव्हती. २००९ ला बंगलोरला आले तेव्हा खिशात पैसे नव्हते. त्यानंतर ते भारतात आलेच नाहीत. कमवायला लागलो तोवर विषय संपला होता.

तर माझं म्हणणं असं की रोज लिस्ट बदलणं हे कोणासाठी असतं? जो बँडच्या मागे शहरं फिरतो त्याच्यासाठी. ज्याच्या नशिबात आयुष्यात एकच रात्र आहे त्याला रोज वेगळं काय आणि रोज तेच काय, त्याच्यासाठी सगळंच पहिल्यांदा आहे. उद्या मी कसंबसं व्हिसा-बिसा करून गेलो आणि नेमकं त्या रात्री फिरत्या लिस्टमध्ये 'राईम' नसलं आणि आदल्या रात्री होतं असं कळलं, तर मी काय करायचं? मला तर ठरलेली लिस्ट पाहिजे, छापील पाहिजे, तिकिटाच्या मागे पाहिजे.

जुनी_कॅसेट

सांगलीकर, +१, आणि तुमच्यासाठी लिहितो. १ फेब्रुवारी २००८, बीकेसी, एमएमआरडीए ग्राऊंड. त्या आख्ख्या टूरचा पहिलाच शो आपल्याकडे होता, ब्रूस स्वतः बोईंग ७५७ चालवत बँड आणि सामान घेऊन आला होता. बांद्र्याहून चालत गेलो, सगळीकडे काळे टीशर्ट, आणि आत इतकी धूळ की रुमाल बांधूनच उभे होतो. स्पीकरवर चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि 'एसेस हाय'. लिस्ट काय येणार कोणालाच माहिती नव्हतं, कारण आमच्या आधी कोणी ऐकलीच नव्हती. पेपर फुटायचा होता, आम्ही तो सोडवत होतो.

'राईम'च्या मध्ये सगळं थांबतं ना, फक्त बेस आणि दोरखंड कुरकुरल्यासारखा आवाज, तेव्हा ते आख्खं मैदान गप्प झालं. मुंबईत एवढी माणसं एका जागी आणि गप्प, मी परत बघितलेलं नाही. लांब हायवेवरचा ट्रकचा हॉर्न ऐकू आला त्यात.

आणि भाच्या, त्या रात्री १९८८ नंतरचं एकच गाणं होतं. 'फिअर ऑफ द डार्क'. ना 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', ना काही. एकानेही तक्रार केली नाही.

एडीचा_भाचा

काका, मी होतो त्या मैदानात. उजव्या बाजूला, साऊंडवाल्यांच्या बॅरिकेडला चिकटून. केली होती तक्रार. परत येताना लोकलमध्ये, बांद्रा ते डोंबिवली, दादरला गाडी बदलून, मित्राचं डोकं खाल्लं की 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधलं 'विकर मॅन' का नाही वाजवलं म्हणून. तो दिव्याला झोपला.

बेसवाली

म्हणजे १७ वर्षांची तक्रार आहे ही 😂

एडीचा_भाचा

आहेच. आणि तरी सांगलीकरांच्या मुद्द्यावर मी जरा अडकलोय. पण मग २०२३ चं काय? त्या टूरला पण कोणाची तरी आयुष्यातली एकच रात्र असेल, त्याला 'नंबर ऑफ द बीस्ट' मिळालं नाही. लिस्ट ठरलेली होती तरी मिळालं नाही. छापील असून उपयोग काय.

सांगलीकर_मेटल

निदान आधी कळलं तरी असतं. तिकीट काढायचं का नाही हे ठरवता आलं असतं.

खरं सांगायचं तर काढलंच असतं.

काडीपैलवान

मी तीन जिने चढून आलो. आता बोलू का?