चिनी माल चालतो, मग चिनी कारखाना का नको?

मावळवासी : जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठात इस्रायलमधील बांधकामांसाठी कामगारांची निवड झाली. गिलावा करून दाखवा, सळ्या वाकवून दाखवा, फरशी बसवून दाखवा, अशी परीक्षा होती. महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपयांसाठी युद्ध चालू असलेल्या देशात जायला शिकलेली पोरेही रांगेत उभी होती. हौसेने कोणी असा जात नाही. इथे काम नाही म्हणून जातो.

आता पुण्याजवळचे आमचे तळेगाव पाहा. जनरल मोटर्सचा मोटारींचा प्रकल्प ग्रेट वॉल मोटर्स ही चिनी कंपनी घेणार होती. १५ जून २०२० रोजी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला, सुमारे तीन हजार रोजगारांचे आश्वासन मिळाले आणि त्याच रात्री गलवानमध्ये भारत-चीन सैनिकांची झटापट घडली. सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची पूर्वपरवानगी एप्रिलमध्येच सक्तीची झाली होती; ती शेवटपर्यंत मिळाली नाही आणि २०२२ मध्ये कंपनीने नाद सोडला. चिनी मालाची आयात मात्र वाढतच राहिली. २०२४-२५ मध्ये चीनशी व्यापारातील तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. माल घ्यायचा आणि तो बनवण्याचा रोजगार तेवढा नाकारायचा, यात कोणते राष्ट्रहित साधले?

शंकेखोर : तळेगावचा प्रकल्प ओस पडलेला नाही, पुढे तो ह्युंदाईने घेतला, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेवरील वाहनांच्या मोटरींत लागणाऱ्या दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि काही महिन्यांतच बजाजच्या चेतक स्कूटरच्या उत्पादनाला फटका बसला. मोटरमधल्या एवढ्याशा चुंबकासाठी ही गत होते, तर उद्या अख्खा कारखानाच त्यांचा असेल तेव्हा नाडी कोणाच्या हाती राहील?

मावळवासी : चुंबक आयात होत होते म्हणून अडले. ते इथे बनत असते तर अडले नसते. आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

शंकेखोर : इमारत इथे उभी राहिली म्हणून तंत्र इथे येत नाही. फॉक्सकॉन तर तैवानची कंपनी. तरीही २०२५ मध्ये तिच्या भारतातील आयफोन कारखान्यांतून शेकडो चिनी अभियंते परत बोलावल्याच्या बातम्या आल्या.

आखातरिटर्न : दोघांचेही गृहीतक मला पटत नाही. तळेगावात चिनी कारखाना आला असता, तरी कंत्राटी कामगाराला १ लाख ३७ हजार कोणी दिले असते? गवंडी पगारातील तफावतीमुळे बाहेर जातो आणि जातच राहील. परदेशस्थ भारतीयांनी २०२४ मध्ये सुमारे १२९ अब्ज डॉलर घरी धाडले, म्हणजे आपण रडता आहात त्या तुटीहून अधिक. चिंता करायचीच तर कामगारांना परदेशी धाडणाऱ्या एजंटांची करा. कायद्याने त्यांना ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येते. प्रत्यक्षात काय उकळले जाते, ते गावोगावी ठाऊक आहे.

मावळवासी : एजंटांबद्दल सहमत. पण पोरांनी कमवून पाठवायचे आणि त्यातले बरेचसे आपण चिनी सौर पटलांवर, सुट्या भागांवर घालवायचे, हा हिशेब आपल्याला समाधानकारक वाटतो का? मी सरसकट मोकळीक मागतच नाही. गुजरातेतील हलोलच्या एमजी मोटरमध्ये चीनच्या साइक कंपनीसोबत भारताच्या जेएसडब्ल्यू समूहाने ३५ टक्के हिस्सा घेतला. तशी भागीदारीची अट घालून तळेगावला परवानगी देता आली असती.

शंकेखोर : त्या गाड्यांच्या बॅटरीतील सेल कोठून येतात, तेवढे सांगा, मग अटींविषयी बोलू.